पाणी ‘अचानक’ येत नाही
(चासनाला, १९७५)

१/ कोळसा खाणीतील मृत्यूंविषयी आपल्याकडे एक वाक्य ठरून गेले आहे : ‘खाणीत अचानक पाणी शिरले.’ यातील ‘अचानक’ हा शब्द इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ २७ डिसेंबर १९७५. धनबाद जिल्ह्यातील चासनाला खाण. जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेले पाणी मधली कोळशाची भिंत फोडून खाली कोसळले. अधिकृत नोंदीप्रमाणे ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. पुढे १९७९ साली ‘काला पत्थर’ आला. पडद्यावरचे पाणी लोकांच्या लक्षात राहिले. ते थोपवणे कोणाचे काम होते, हा प्रश्न मागे पडला.

३/ खाणीतील सगळी संकटे सारखी नसतात. मिथेन डोळ्यांना दिसत नाही. छत कधी कोसळेल, हे अनुभवी कामगारालाही नेमके सांगता येत नाही. जुन्या खोदकामातील पाणी मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी उभे असते. त्याचे भाकीत करण्यास तीन गोष्टी पुरतात : जुन्या कामाचा खरा नकाशा, पुरेशी जाड भिंत आणि पुढे खोदण्याआधी घेतलेले चाचणीचे छिद्र.

४/ हे शहाणपण चासनालानंतर सुचलेले नाही. पाण्याने भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत लेखी परवानगीवाचून खोदू नये, हा दंडक १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीतच होता. त्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ जण गेले होते.

५/ पहिला बचाव : ‘हा खाजगी मालकांचा लोभ.’ पण चासनाला चालवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापन सरकारने १९७२ मध्येच हाती घेतले होते. लोभ केवळ शेठजींच्या तिजोरीत राहत नाही. तो टनांच्या उद्दिष्टातही राहतो.

६/ दुसरा बचाव : ‘तेव्हा विज्ञान अपुरे होते.’ धनबादेत १९२६ पासून खाणशिक्षणाची संस्था होती, १९५६ पासून संशोधन संस्था होती. खाण सुरक्षेच्या महासंचालनालयाचे मुख्यालयही तिथेच. ज्ञान जिल्ह्यातच होते. ते खाणीच्या तोंडाशी अडले.

७/ नंतर काय बदलले? १९९५, गजलीटांड : कतरी नदीचे पाणी शिरले, ६४ मृत्यू. २००१, बागडिगी : पुन्हा जुन्या कामातले पाणी, २९ मृत्यू. दोन्ही खाणी त्याच कोळसापट्ट्यातील.

८/ आज संवेदक आणि संगणकी भाकितांचा गाजावाजा आहे. वायू आणि छत यांसाठी ही साधने मोलाची आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण यंत्र इशारा देते, काम थांबवत नाही. भिंत पाझरताना पाहून हत्यार खाली ठेवणाऱ्या कामगाराचा रोज कापला जाणार असेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही व्यर्थ आहे.

९/ म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न ‘धोका कळला होता का?’ हा नसावा. ‘कळल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला होता आणि त्याने तो का वापरला नाही?’ हा असावा. जोवर हा प्रश्न टाळला जाईल, तोवर पुढचे पाणीही ‘अचानक’च येईल.