भिंत पाडण्याआधी माळ्यावर चढा

सातारच्या एखाद्या पेठेतला किंवा सांगलीच्या गावभागातला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या सोप्यात दुकान काढायचे ठरते. मोठी माणसे म्हणतात, "ही मधली भिंत गेली की जागा कशी ऐसपैस होईल!" मिस्त्री भिंतीवर दोन टिचक्या मारतो आणि सांगतो, "पातळ आहे, हिच्यावर भार नाही." दुसऱ्या दिवशी पहार लागते. माझे स्पष्ट मत असे, की ही टिचकीची परीक्षा आता बंद झाली पाहिजे.

भिंत किती जाड आहे यावरून ती भार वाहते की नाही हे ठरत नाही. आपल्याकडच्या वाड्यांचा सांगाडा बहुधा लाकडाचा. कौलांचे वजन रिपांवर, रिपांचे वाशांवर, वाशांचे आढ्यावर व तुळयांवर, तुळयांचे खांबांवर, खांबांचे दगडी तळखड्यांवर आणि तेथून जोत्यात. दीड हात जाडीची मातीची भिंत पुष्कळदा ऊन, पाऊस आणि चोर यांना अडवण्यापुरतीच असते. खरा भार वाहणारा खांब तिच्या पोटात, गिलाव्याआड उभा असतो. पण शेजारच्याच वाड्यात तुळईचे टोक सरळ भिंतीत घुसवलेले सापडेल! म्हणून उत्तर भिंतीपाशी शोधू नका, वर जा.

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. मजल्याच्या कड्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत? त्या भिंतीवर येऊन टेकत असतील, तर भिंत भार वाहते. भिंतीला समांतर जात असतील, तर त्यांचा भार बहुधा तिच्यावर नाही. तुळईला जोड कोठे दिला आहे? जोडाखाली आधार असलाच पाहिजे. खालच्या भिंतीच्या बरोबर माथ्यावर वरच्या मजल्याची भिंत तर उभी नाही ना? धाब्याचे घर असेल, तर अधिकच जपा. माण किंवा जतकडच्या विद्यार्थ्यांना ही घरे ठाऊक आहेत. एक चौरस मीटर धाब्यावर ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर असला, तर त्याचे वजन साडेचारशे-पाचशे किलोग्रॅम भरते. पावसात भिजला की आणखी.

सगळ्यांत फसवी असते ती मागाहून घातलेली भिंत. भावाभावांत वाटणी झाली आणि ओसरीत विटांची आडभिंत आली. त्या दिवशी ती कशाचाच भार वाहत नव्हती. पण सततच्या वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकत राहते. तुळई वाकत वाकत एक दिवस त्या भिंतीच्या माथ्यावर येऊन टेकते आणि बिनभाराची भिंत भाराची होते, कोणाला न विचारता! आमच्या नात्यातल्या एका घरात अशीच भिंत काढली. घर पडले नाही. पण आठवड्याभरात वरच्या खोलीचे दार चौकटीत अडकू लागले आणि कडीपाटातून माती गळू लागली. टेकू वेळेवर लागले म्हणून निभावले.

आधार काढल्याने एवढे काय बिघडते, हे फूटपट्टीने पाहा. दोन पुस्तके १० सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवा आणि मध्यभागी एक वजन ठेवा. मग पुस्तके २० सेंटिमीटर दूर करा. वजन तेच, पण बाक सुमारे आठपट! मजल्याचा भार तर तुळईच्या सबंध लांबीवर पसरलेला असतो. तेथे लांबीबरोबर वजनही दुप्पट होते आणि बाक सोळापट होतो. हे झाले अखंड तुळईचे. जोड नेमका काढलेल्या आधारावर असेल, तर बाक मोजायला वेळच मिळणार नाही.

"भार नाही ना, मग पाडू या" हेही मला मान्य नाही. खांबांमधली भिंत त्यांना आडव्या हेलकाव्यातही धरते, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्ह्यातलाच. सांगलीचा प्रश्न पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. भिजलेल्या मातीच्या भिंतीचे बळ घटते, भिंतीतल्या खांबाचे बूड कुजते, आणि बूड कुजले की त्याचा भार गुपचूप शेजारच्या भिंतीवर सरकतो. बुडाशी दाभण टोचून पाहावे. सहज आत गेले तर लाकूड संपले.

शिक्षकांना माझी सूचना आहे. प्रदर्शनासाठी दरवर्षी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करण्याऐवजी गावातल्या एका वाड्याचा उभा छेद मुलांकडून काढून घ्या. मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी. पाडायचे की नाही हे इमारतीच्या अभियंत्यानेच ठरवायचे. पण तो येईल तेव्हा हा कागद त्याच्या हाती द्या. आढ्यापासून जोत्यापर्यंत भाराचे बाण लाल पेन्सिलीने काढा. एखादा बाण मध्येच हवेत संपला, तर तेथे गिलाव्याआड काहीतरी उभे आहे.