हरायलाही सवड लागते

मैत्रिणींनो, व्हिडिओ गेमवर आपल्या अंकात लेख कशाला, असं काहीजणी नक्की विचारतील. पोरांना बिघडवणारं खूळ, एवढंच आपण त्याला मानत आलो. पण मी हातात मावणाऱ्या यंत्रावर 'एफ-झीरो: मॅक्झिमम व्हेलॉसिटी' खेळते, आणि चांगलं खेळते. म्हणूनच लिहिते आहे.

निन्टेंडो या जपानी कंपनीचा हा खेळ २००१ सालचा. त्यात भविष्यकाळातल्या, जमिनीला न टेकता धावणाऱ्या यानांची शर्यत असते. यंत्राचं नाव 'गेम बॉय ॲडव्हान्स'. खेळणारा 'बॉय'च असणार, हे नावातच ठरलेलं! १९९० च्या पहिल्या 'एफ-झीरो'त चार चालक होते, बाई एकही नाही. १९९८ च्या 'एफ-झीरो एक्स'मध्ये तीस चालकांत जोडी समर ही स्त्री आली. पडद्यावर बाई आली. पडद्यासमोर किती आल्या?

नुसतं बटण दाबून धरून हा खेळ येत नाही. वळणावर वेग तसाच ठेवला तर यान कडेला आपटतं. प्रत्येक आपटीला शक्ती घटते, संपली की यान फुटतं. म्हणून वळणात वेगाचं बटण सोडून पुन्हा पुन्हा दाबायचं, वरच्या कडेच्या बटणाने यान झुकवायचं. फेरी पुरी झाली की जादा वेगाची एक संधी मिळते. ती सरळ रस्त्यासाठी राखायची. हे समजायला पाच मिनिटं पुरतात. बोटांत उतरायला मात्र शेकडो फेऱ्या लागतात, म्हणजे शेकडो वेळा हरावं लागतं.

खरी मेख इथेच आहे. हरत हरत शिकायला लागणारा सलग वेळ मुलाला न मागता मिळतो. मुलगी यंत्र हातात घेते न घेते तोच कुकरची शिट्टी मोजायला हाक येते. मग म्हणायचं, मुलींना यात गतीच नसते! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. मी स्वतः शिकले तीही रात्री, ओटा आवरल्यावर.

रेशन, पाणी, मारहाण हे प्रश्न समोर असताना हे कसलं चोचलं, असा आक्षेप येईल. पण बाईच्या वेळेवर हक्क कुणाचा, हाच तर त्या प्रश्नांच्याही मुळाशी असलेला प्रश्न आहे. शिवणकाम, संगणक, इंग्रजी शिकायला आपण मुलींना वेळ मिळवून देतो, कारण त्याचा 'उपयोग' आहे. निरुपयोगी आनंदासाठी वेळ मागायला मात्र आपल्यालाच संकोच वाटतो.

प्रत्येकीने हाच खेळ खेळावा असं नाही. कबड्डी असो, कॅरम असो, सायकल असो. आपल्या केंद्रावर मुलींसाठी आठवड्यातून दोन तास असे ठेवू या, की ज्यात त्यांना कुणी काही शिकवणार नाही आणि कुणी हाकही मारणार नाही. तिथे त्यांनी खुशाल हरावं.