विश्वस्तहो, घुमट परका कधीपासून झाला?

सन्माननीय विश्वस्त मंडळ,



सभामंडपाचा माझा आराखडा तुम्ही नापसंत केलात, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. नकाशे नापसंत होतातच. आपल्या पेठेत तर घरटी एक वास्तुतज्ज्ञ आहे. लागलं ते कारण. ‘घुमट नको, मशिदीसारखं दिसेल,’ असं एकजण म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. वडिलांपासून आमचं घर या देवळाशी बांधलेलं, पण माझ्या बाजूनं एक शब्द कुणाला बोलवला नाही.

दरवर्षी तुम्ही रायगडावर जाता. ज्या जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलंय, त्या देवळावर काय आहे? घुमट. गोव्यात नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं करायला लावलं, तिथेही घुमटच. कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी १७३८ च्या सुमारास बांधवलं. ज्या पोर्तुगीजांनी देवळं पाडली, त्यांच्याच चर्चच्या घुमटाची ढब गोव्याच्या कारागिरांनी उचलली आणि देवीच्या माथ्यावर चढवली. याला मी बाटणं नाही म्हणत, हिंमत म्हणते. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं. आणि रोममधलाच पँथिऑनचा ४३ मीटर रुंद घुमट दुसऱ्या शतकातला. तेव्हा इस्लाम जन्मालाही आला नव्हता. पुढे सातव्या शतकात त्या रोमन देवळाचं चर्च झालं. घुमट तोच राहिला, खालचे देव बदलले.

मी घुमट काढला तो तुमच्याच मागणीवरून. कीर्तनकार सगळ्यांना दिसावा, मधे खांब नको, हे तुमचं म्हणणं. चौकोनी मंडपाचे कोपरे तिरप्या कमानींनी छाटले की अष्टकोन होतो आणि त्यावर वर्तुळ नीट बसतं. भार भिंतींत उतरतो. घुमट पायथ्याशी बाहेर रेटतो, म्हणून भिंती जाड ठेवल्या. त्यावर ‘खर्चिक’ हा शेरा मिळाला! खाली चौकोनी धरती, वर गोल आभाळ, हा अर्थ तर कितीतरी धर्मांनी घुमटात पाहिला. तुम्हाला तेवढी मशीद दिसली.

लोणी काळभोरला ज्ञानेश्वर माउलींच्या नावाचं प्रार्थनागृह आहे. त्याचा घुमट १६० फूट व्यासाचा. तो पाहायला तुम्हीच बस करून गेला होतात आणि फोटोही सगळ्यांना पाठवलेत. तिथे कुणाला काही खटकलं नाही.

आता तयार फायबरचं शिखर आणून बसवणार आहात, असं ऐकते. बसवा. मानधन मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. माझे नकाशे तेवढे परत पाठवा. इतिवृत्तात मात्र नकाराचं कारण ‘तांत्रिक अडचण’ असं लिहिलंय. ते खोडून बैठकीत जे बोललात तेच लिहा.

आपली,
देवळामागच्या आळीतली एक वास्तुरचनाकार, पुणे