प्रयोगशाळेतून : आजींचं उकळलेलं पाणी



परवा एका बारशाला गेलो होतो. भारतातून आलेल्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "बाळाच्या पावडरच्या दुधाचं पाणी मी चांगलं वीस मिनिटं उकळते हो!" घर पेनसिल्वेनियात, हॉर्शमजवळ. पाणी अंगणातल्या बोअरचं. आमचा पेढा घशातच अडकला.

त्या भागातल्या विलो ग्रोव्ह आणि वॉर्मिन्स्टरच्या नौदल तळांवर पेट्रोलच्या आगी विझवायला वर्षानुवर्षं एक खास फेस वापरला गेला. त्यातली पीएफओएस, पीएफओए ही रसायनं भूजलात उतरली. २०१४ मध्ये हॉर्शमच्या पाणीपुरवठ्याच्या काही विहिरी बंद कराव्या लागल्या. कार्बन-फ्लोरिनचा बंध भलता चिवट. उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. पाण्याची वाफ होते आणि हे खाली आणखी दाट होऊन राहतं. आजींना समजावताना आमची पीएच.डी. काही कामाला आली नाही. "आमटी आटली की खारट होते ना, तसं," म्हटल्यावर लगेच पटलं.

जुलै २०१८ मध्ये ईपीएनं हॉर्शमच्या हायस्कुलात लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरवली होती. लोक पोटतिडकीनं बोलले. आपली मंडळी अशा सभांना फारशी दिसत नाहीत, हे मात्र खरं. 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून आपण घरी बसतो.

बारशाच्या घरी विचारलं, तर बोअर तपासून देण्याविषयीचं सरकारी पत्र आलेलं होतं. कूपनांच्या ढिगात सापडलं, न फोडलेलं! अशा तपासणीला घरमालकाची परवानगी लागते; उत्तर दिलं नाही तर कोणी येत नाही.

आणखी एक. २०१६ साली सल्ल्याची मर्यादा होती दोन्ही मिळून ७० पीपीटी. एप्रिल २०२४ मध्ये सार्वजनिक पाण्यासाठी ती प्रत्येकी ४ ठरली. खासगी बोअरला तो कायदा लागूच नाही. तेव्हा जुन्या रिपोर्टावर 'ठीक' लिहिलं असेल, तर आकडा पुन्हा बघा. रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा कार्बनचा चांगला फिल्टर उपयोगी पडतो, पण वेळेवर बदलला तरच.

गणपतीच्या आरतीनंतर आम्ही चहाच्या टेबलाशी बसणार आहोत. पत्रं, रिपोर्ट घेऊन या. मिळून वाचू, फॉर्म तिथंच भरू.

आजी सध्या दुकानातलं बाटलीचं पाणी वापरतात. तेही उकळून!