गर्भवती ठणठणीत, तरी बाळाला धोका? जाणून घ्या!

ताप नाही, दुखणे नाही; तरीही गर्भवतीच्या आतड्यात किंवा योनिमार्गात ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हा जिवाणू असू शकतो. जगात सुमारे १८ टक्के गर्भवती त्याच्या वाहक असतात. त्यांची बहुतेक बाळे सुखरूप राहतात. पण प्रसूतीवेळी संसर्ग झालेल्या काही बाळांना न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होतो.

उपाय काय?
अमेरिकेत ३६-३७व्या आठवड्यात स्वॅब तपासतात आणि वाहक महिलेला कळा सुरू झाल्यावर पेनिसिलिन देतात. आधीच औषध घेऊन उपयोग नसतो, कारण जिवाणू परत येतो.

नाशिकचे काय?
भारतात अशी सरसकट तपासणी होत नाही. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून ऐनवेळी येणाऱ्या महिलेच्या हाती अहवाल कुठून असणार? त्यामुळे पाणी जाऊन १८ तास उलटणे, कळांमध्ये ताप येणे, ३७ आठवड्यांआधी कळा सुरू होणे या खुणा घरच्यांनाही माहीत हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या ‘सुरक्षित मातृत्व’ तपासणीत त्या समजावून सांगाव्यात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. जिल्ह्यातील वाहकांचे प्रमाण मोजण्यात त्याने पुढाकार घ्यावा. प्रमाण कळले, तरच तपासणी कोणाची करायची हे ठरवता येईल.