तयारी असावी, बेत नसावा

मंडळी, आज जरा उलटं बोलणार आहे. डोंगरात, घाटात गाडीनं फिरायला जायचं असेल तर आधीपासून बेत ठरवून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जन्मभर वेळापत्रकाप्रमाणे तास घेतलेल्या माणसानं हे म्हणावं, म्हणजे म्हातारा बिघडला असं घरच्यांना वाटणार. वाटू दे!

आमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं, की "बाबा, या वयात मनात आलं की निघालं, हे बरं नाही. हॉटेल बुक करा, कुठं थांबणार ते ठरवा, मग जा." काळजीपोटीच म्हणतो तो. पण तयारी आणि बेत या दोन गोष्टी तो एकच समजतो. तयारी म्हणजे बी.पी.च्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, स्टेपनीत हवा, घाटाआधीच्या मोठ्या गावात टाकी फुल्ल करणं, आणि कोणत्या रस्त्यानं चाललो ते घरी सांगून ठेवणं. कारण वर फोनला रेंज असेलच असं नाही. एवढं हवंच. बेत म्हणजे अमुक वाजता अमुक ठिकाणी पोचलंच पाहिजे. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, घाटात घात करतो तो हा "च"!

एका फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी भाचा सहज घरी आला होता, त्याला सुट्टी होती. "चला मामा, कुठंतरी जाऊन येऊ," म्हणाला. अर्ध्या तासात आम्ही दोघं आणि तो पुण्याबाहेर. कापूरहोळला उजवीकडे वळून भोर, तिथून नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनं वरंधा घाट. जमलं तर खाली महाडपर्यंत, नाही तर नाही. शेजारी म्हणालेच, "फेब्रुवारीत काय बघणार? सगळं उजाड असतं."

उजाड कसलं? पांगारा फुलला होता, काटेसावर फुलली होती. आणि हिरवा पडदा बाजूला झाला की डोंगरातली माणसं कामात दिसतात. एका वावरात एक बाई शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या पसरत होत्या. गाडी थांबवून आमच्या हिनं विचारलं. भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा पावसाआधी भाजून घेतात, म्हणजे तण मरतं आणि राखेचं खत होतं. यालाच राब म्हणतात. "राब राब राबणे" हे वर्गात किती वेळा वापरलं असेल, पण हा राब हिनं पहिल्यांदाच जवळून पाहिला. कुठं पोचायची घाई असती, तर आम्ही तिथं थांबलो असतो का?

वर वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी आणि चहा झाला. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, खाली ट्रक अडकलाय. दोन तास तरी लागतील." भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही गाडी वळवली. दिवेलागणीपर्यंत भोर, रात्री जेवायला घरी. महाड राहिलं. काही बिघडलं नाही.

आमच्या शेजारीच एक कुटुंब थांबलं होतं. लहान मुलं कंटाळून रडत होती. मी म्हटलं, "अहो, परत फिरा ना." ते गृहस्थ म्हणाले, "नाही हो काका, दिवेआगरला बुकिंग आहे. पैसे भरलेत." त्यांना ते दोन तास काढून अंधारात घाट उतरणं आलं. बिचाऱ्यांचा नाइलाज होता. बुकिंग केलेला माणूस परत फिरू शकत नाही, हा माझा मुद्दा इथंच येतो.

फेब्रुवारीत याची किंमत दोन तास. जुलैमध्ये किती असेल? अलीकडच्या पावसाळ्यांत दरडींच्या भीतीनं वरंधा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघाले आहेत. याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं. तिथं काय घडलं ते बाहेरच्या जगाला कळलं एका एस.टी. ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला गेलेल्या त्या माणसाला गावच दिसेना.

हे मी घाबरवायला सांगत नाही. सांगतोय ते एवढ्यासाठी, की आपण ज्याला "सीनरी" म्हणतो ते कुणाचं तरी घर असतं, आणि आपण ज्याला "ड्राइव्ह" म्हणतो तो कुणाचा तरी बाजाराचा, शाळेचा, दवाखान्याचा एकमेव रस्ता असतो. पहिला पाऊस पडला की शनिवार-रविवारी धबधब्यापाशी मैलभर गाड्या लागतात. त्यात एस.टी. अडकते. बाळंतपणाला निघालेली बाई अडकली तर? बेत सगळ्यांचा एकाच दिवशी ठरतो, तो असा.

मनात आलं की निघणाऱ्याला हे सगळं टाळता येतं. तो मंगळवारी जाऊ शकतो. धुकं उतरलं तर परत येऊ शकतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी हा नियम त्याला जड जात नाही, म्हशी रस्ता ओलांडेपर्यंत तो हॉर्न न वाजवता थांबतो, आणि टपरीवर असेल ते खातो. चार पैसे तिथल्या माणसाला मिळतात, ते वेगळंच.

नोकरदार मंडळी म्हणतील, "आजोबा, तुम्ही रिटायर, तुम्हाला जमतं. आम्हाला दोनच दिवस सुट्टी." खरं आहे. मग बुकिंग करा, पण पैसे परत मिळतील असं करा. आणि निघतानाच घरात सगळ्यांसमोर सांगून टाका, की वाटेत मन कचरलं तर आपण परत येणार आहोत. एवढं एक वाक्य बोललं की गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. मुलांनाही कळतं की परत फिरणं म्हणजे हरणं नव्हे.

चिरंजीव हे वाचतीलच. त्यांच्यासाठी खास : गोळ्यांची डबी पिशवीत आहे, टाकी फुल्ल आहे. कुठं जाणार ते अजून ठरलेलं नाही.

बाकीच्यांनी, बघा पटतंय का. नसेल पटत तर तसंही लिहा.