आपलेच रक्त, आपलेच केस



लग्नाच्या वयात मुलाचे केस विरळ झाले, की घरात चिंता शिरते. मग शहरातील ‘पीआरपी’ उपचाराचे नाव कानी येते आणि बाप कर्ज काढावयास निघतो. तत्पूर्वी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

रोग्याच्याच दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवितात. तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरील पिवळसर द्रवात प्लेटलेट, म्हणजे डेंग्यूत घटणाऱ्या त्याच कणिका, एकवटतात. तो द्रव डोक्याच्या त्वचेत टोचतात. बहुधा महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा. आनुवंशिक टकलात केसांची मुळे जिवंत असतील, तर काहींना गुण येतो. तुळतुळीत डोक्यावर मात्र याने केस उगवत नाहीत. आणि आलेला गुण टिकविण्यास पुनःपुन्हा टोचून घ्यावे लागते.

मूळ कारण आधी शोधावे. विषमज्वर किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुधा आपोआप परत येतात. रक्तक्षय असेल, तर औषध रक्तक्षयावर हवे. २०२५ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केसगळतीने घाबरली, तेव्हा प्रथम पाणी, रक्त व केस यांचीच तपासणी झाली.

म्हणून आधी बिदर वा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. उपचार घेतलाच, तर तो डॉक्टरांच्याच हातून आणि कोऱ्या सुईने घ्यावा. केसांसाठी शेत गहाण टाकू नये. आणि वधूपित्यांनीही वराचे डोके वरून न पाहता आतून पाहावे!